गेलेले आटे

पुढच्या चाकाच्या आत, डिस्कच्या मागच्या अंगाला, कॅलिपरला, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाला, धरून ठेवणारे दोन बोल्ट असतात. चाक जागेवर असलं की ते दिसत नाहीत, आणि चाक उतरवलं तरी चिखल आणि ब्रेकच्या काळ्या भुकटीखाली बहुतेक वेळा दडलेलेच असतात. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो. थांबवण्याचं साधारण सत्तर टक्के काम पुढची दोन चाकं करतात आणि त्या कामाचा सगळा हिसका या बोल्टांच्या जोडावरून नकलवर उतरतो. नकल म्हणजे चाकाचा हब, कॅलिपर, बॉल जॉइंट आणि टाय रॉड हे सगळे जिला येऊन मिळतात ती ओतीव किंवा घडीव तुकड्याची जागा. ब्रेकही तिच्यावर, स्टिअरिंगही तिच्यावर. तिच्या भोकांतले आटे, म्हणजे बोल्ट ज्यांत फिरून बसतो त्या चरी, गेले तर काय करायचं, यावर मला लिहायचं आहे. गोव्यातल्या गॅरेजांमध्ये हा प्रश्न रोज कुठे ना कुठे उभा राहतो, आणि त्याची उत्तरं कधी फार चांगली तर कधी फार भयंकर दिली जातात.

आधी एक समज दूर करायला हवा. बोल्ट म्हणजे जाड खिळा, तो मध्ये आडवा राहून कॅलिपरला सरकू देत नाही, असं बहुतेकांना वाटतं. चांगल्या जोडात तसं होत नाही. बोल्ट आवळला की तो ताणला जातो, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, पण ताणला जातो. त्या ताणामुळे दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबले जातात आणि त्या दाबातून येणारं घर्षण कॅलिपरला जागेवर ठेवतं. १२ मिलिमीटरचा बोल्ट कोरड्या आट्यात १०० न्यूटन-मीटरने आवळला, तर त्याच्यावर साधारण ४० हजार न्यूटनची ओढ येते. म्हणजे चार टनांच्या आसपास. एवढी ओढ भोकातल्या दीड-दोन सेंटिमीटर आट्यांनी पेलायची असते, आणि तीही सारखी वाटून नाही. बोल्टाच्या डोक्याकडचा पहिला आटा एकटाच जवळजवळ तिसरा हिस्सा उचलतो, दुसरा त्याहून कमी, आणि सहाव्या-सातव्याच्या पुढे फारसं काही पोचतच नाही. म्हणून ‘वरचे दोन आटे गेलेत, बाकीचे चांगले आहेत’ हे वाक्य ऐकायला बरं वाटलं तरी ज्यांनी सर्वांत जास्त भार घ्यायचा तेच गेलेत, असा त्याचा अर्थ असतो.

आटे गेलेला बोल्ट हाताला कळतो. पाना फिरतो, जरा जड होतो, आता बसला असं वाटतं, आणि मग मऊ होत जातो. तिथे थांबायचं असतं. पण पुष्कळ ठिकाणी तिथे हात थांबत नाही. कुणी स्प्रिंग वॉशर घालतं, कुणी आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळतं, कुणी चिकट पुट्टी भरून रात्रभर सुकवतं. नळाला जे चालतं ते ब्रेकला चालत नाही. घाट उतरताना डिस्क इतकी तापते की तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला तर क्षणात उडतो, आणि ती धग कॅलिपरच्या ब्रॅकेटपर्यंत येते. चार टनांची ओढ अशा तापात पुट्टीच्या भरवशावर सोडणं म्हणजे गाडीत बसलेल्या माणसांच्या जिवाशी खेळणं आहे. यापेक्षा सौम्य शब्द मला वापरायचा नाही.

आटे का जातात? निम्म्याहून अधिक वेळा उत्तर एकच असतं: घाई. १२ मिलिमीटरचा बोल्ट म्हटला की काम संपलं असं वाटतं, पण त्या एकाच जाडीत १.७५, १.५ आणि १.२५ अशा तीन पिचचे, म्हणजे दोन आट्यांमधल्या तीन अंतरांचे, बोल्ट बाजारात मिळतात. १.२५ च्या भोकात १.५ चा बोल्ट पहिले एकदोन फेरे जातो आणि मग अडकतो. ज्याच्या हातात साधा पाना आहे तो तिथे थबकतो, बोल्ट काढून बघतो. ज्याच्या हातात हवेची गन आहे त्याला ते अडकणं कळतच नाही. गन आपली गरगरते आणि भोकातले आटे खरवडून आत नेते. जुन्या गाड्यांवर इंचाचे बोल्टही निघतात. अडीच सुती बोल्ट आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट शेजारी ठेवून बघा, जाडीत फरक सहा शतांश मिलिमीटरचा, डोळ्याला दिसणं शक्य नाही. पण एकाचे इंचाला १८ आटे, म्हणजे १.४१ चा पिच, आणि दुसऱ्याचा १.२५. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचं माप आणि ५५ अंशांचा कोन ठरवून दिला, त्याआधी प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा होता. पुढे अमेरिकेत ६० अंश आले, मेट्रिकही ६० अंशांवर स्थिरावलं. ही सगळी भांडणं आजही एखाद्या जुन्या जीपच्या पुढच्या चाकात एकत्र नांदत असतात.

यावर उपाय साधा आहे आणि तो मी ज्यांच्याकडे पाहिला त्या माझ्या मामांचा आहे. बोल्ट आधी चिमटीत धरायचा. भोकावर ठेवून उलटा फिरवायचा, आट्याचं तोंड आट्यावरून घसरून टक् करतं तिथे थांबायचं, आणि मग सुलटा. निदान चार फेरे बोटांनी गेले पाहिजेत. नाही गेले तर पान्याला हात लावायचा नाही.

मामांचं टर्निंगचं दुकान उसगावला. खाणींचे टिपर जोरात होते त्या काळातलं. तेव्हा रात्री दहालाही लेथ चालू असायचा, कारण सकाळी ट्रक जेटीच्या फेऱ्यांना लागला नाही तर मालकाचा दिवस बुडायचा. २०१२ साली खाणी बंद झाल्या, पुढे थोड्या सुरू झाल्या आणि २०१८ साली पुन्हा थांबल्या. ट्रक दारादारांत उभे राहिले. उभ्या गाडीच्या बोल्टांना जो गंज चढतो तो चालत्या गाडीच्या बोल्टांना चढत नाही. पुढे ते ट्रक विकायला काढले तेव्हा त्यांच्या चाकांतले बोल्ट निघता निघेनात, आणि तुटलेले बोल्ट भोकातून काढून आटे पुन्हा उभे करणं हे मामांच्या दुकानाचं मुख्य काम होऊन बसलं. खंडेनवमीला मामी पान्यांना, लेथला हळदकुंकू लावते, त्यात टॅपचा, म्हणजे भोकात आटे कापायच्या हत्यारांचा, डबा सगळ्यांत आधी येतो.

गोव्याची हवा या बाबतीत कठीणच आहे. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि उरलेले महिने दमट. किनाऱ्याकडे खारी हवा, फेरीबोटीच्या रॅम्पवर खारं पाणी चाकांना लागतं. आत डिचोली-सत्तरीकडे तांबडी धूळ बोल्टाच्या डोक्याभोवती बसते आणि पहिल्या पावसात ओली राहते. लोखंड गंजलं की फुगतं. लोखंडी बोल्ट लोखंडी भोकात असेल तर तो गंज दोघांच्या मध्ये पाचर मारून बसतो. स्कूटर-मोटरसायकलींवर दुखणं वेगळं असतं. तिथे पुढच्या फोर्कचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट पोलादी. दोन वेगळे धातू, मध्ये खारा ओलावा, आणि झिजतो तो बिचारा मऊ धातू. बोल्ट काढताना त्याच्या आट्यांत पांढरी पूड अडकून येते, ती पूड म्हणजे भोकाचे आटेच. मोटरसायकलवरून दिवसभर माणसं पोचवणाऱ्या पायलटांनी निदान पावसाळा संपल्यावर एकदा हे बोल्ट नीट काढून, पुसून, पुन्हा मापात आवळून घ्यावेत असं मला मनापासून वाटतं.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मामांकडे सत्तरीतल्या एका कुळागरातली, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतली, जुनी जीप आली. सुपारी, नारळ, खत, कधी चोर्ल्याचा घाट चढून बेळगावचा बाजार, असं तिचं आयुष्य. मालक वयाने मामांच्या बरोबरीचे. तक्रार अशी की ब्रेक मारला की डाव्या चाकात ठक् असा एकच आवाज येतो, आणि रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला की पुन्हा एकदा. मामांनी चाक उतरवायच्या आधीच सांगितलं, कॅलिपर हलतोय. चाक काढून ब्रॅकेट हाताने ढकललं तर ते खरोखरच हललं. खालचा बोल्ट घट्ट होता. वरचा नुसता ठेवलेला, बोटांनी बाहेर आला, आणि त्याच्या आट्यांच्या खोबणीत भोकाचे आटे गोल तारेसारखे गुंडाळलेले होते. आधी कुठेतरी पॅड बदलताना गनने मारलेला होता.

“मोठा बोल्ट मारून द्या ना, मेस्त्री,” मालक म्हणाले.

मोठा बोल्ट घालायचा तर ब्रॅकेटचं भोकही वाढवावं लागतं, तिथली भिंत पातळ होते, आणि पुढच्या वेळी पॅड बदलणारा माणूस दुसऱ्या बाजूचा बोल्ट इथे घालायला बघतो. वेल्डिंग करून भोक भरायचं आणि नव्याने पाडायचं हाही मार्ग काही जण सुचवतात. नकल बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, असली तर वेल्डच्या कडेला ती ठिसूळ होते. घडीव पोलादाची असली तर तिला दिलेलं पाणी उतरतं. नकलला आणि स्टिअरिंगच्या हातांना वेल्ड लावायचा नाही, तापवायचंही नाही, हा मामांचा नियम आहे आणि त्याला अपवाद मी पाहिलेला नाही. सर्वांत चांगलं म्हणजे नवी नकल. तिची चौकशी केली, त्या मॉडेलची ती लवकर मिळण्यातली नव्हती. भोकाभोवती धातू भरपूर होता, चीर कुठे नव्हती. हे दोन्ही बघूनच मामांनी हेलिकॉइल बसवायचं ठरवलं.

हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या चौकटी तारेची गुंडाळी. तारेचा छेद शंकरपाळ्यासारखा, त्यामुळे तिच्या बाहेरही आटा आणि आतही आटा. गेलेलं भोक थोडं मोठं करायचं, त्यात खास मोठ्या मापाचा टॅप मारायचा, आणि ही गुंडाळी आत फिरवून बसवायची. आत पुन्हा मूळ मापाचा आटा मिळतो. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांत मऊ धातूतले आटे टिकावेत म्हणून या गुंडाळ्या वापरल्या गेल्या. म्हणजे ही काही तात्पुरती मलमपट्टी नव्हे. नीट बसवली तर मूळ आट्यापेक्षा जास्त भार घेते, कारण आता धातूला पकडणारा व्यास मोठा असतो. पण ‘नीट’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. हातात ड्रिल धरून गाडीखाली वाकून पाडलेलं भोक तिरकं जातं, बोल्टाचं डोकं मग एका कडेवरच टेकतं, आणि बोल्ट ताणला जाण्याऐवजी वाकतो. असा बोल्ट काही महिन्यांत डोक्याखाली तुटतो. म्हणून मामांनी नकल गाडीवरून पूर्ण उतरवली आणि पिलर ड्रिलच्या टेबलावर बांधली.

मशीन चालू करायच्या आधी नकलचा चेहरा सपाट बसवण्यातच बराच वेळ गेला. कॅलिपर जिथे टेकतो तो पृष्ठभाग पॉलिश पेपरने साफ करून त्यावर गुण्या ठेवला, ड्रिलचा दांडा त्याला चारी बाजूंनी लावून बघितला. किटमधलं ड्रिल १२ मिलिमीटरहून जरासंच मोठं. ते उतरलं तेव्हा भोकातून करडी भुकटी पडत राहिली, सळसळीत कीस नाही, त्यावरून नकल बिडाची असल्याचं पक्कं झालं. मग टॅप. टॅपचं हँडल दोन्ही हातांनी, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, दर दोन फेऱ्यांनी पुन्हा गुण्या. टॅप अडला की मामा जोर करत नाहीत, मागे घेतात, हवा मारतात, पुन्हा सुरू. शेवटी ब्रेक क्लीनरने भोक धुतलं आणि टॉर्चच्या उजेडात मला बघायला दिलं. आतले आटे एकसारखे, कडेला कुठेही खवला नाही.

गुंडाळीच्या तळाशी तारेचं एक टोक आत वळवलेलं असतं. बसवण्याच्या काडीची खाच त्या टोकात अडकवून गुंडाळी फिरवत न्यायची. मोकळी असताना ती भोकाहून जराशी मोठी असते, आत जाताना आवळली जाते आणि म्हणूनच तिथे घट्ट राहते. पृष्ठभागाच्या खाली पाव ते अर्धा फेरा गेली की थांबायचं. वर राहिली तर ब्रॅकेट नकलवर टेकण्याऐवजी तारेवर टेकेल. मग वळवलेलं टोक पंचच्या एका हलक्या ठोक्याने तोडायचं, ते खाचेवर बरोबर तुटतं. तुटलेला तुकडा मामांनी चुंबकाने काढून कागदावर ठेवला. तो हातात येईपर्यंत पुढचं काम करायचं नाही, हाही त्यांचा नियम.

खरी अडचण इथे नव्हतीच. नकल उतरवायची तर टाय रॉडचा बॉल जॉइंट सोडवावा लागतो, आणि तो सोडवताना दिसलं की त्याच्या दांड्याचं टोक हातोड्याने ठेचलेलं आहे. मागे कधीतरी कुणी नट न ठेवता थेट दांड्यावर ठोके मारले होते. वरचे आटे चपटे झालेले, खालचे दोन-तीन ओढले गेलेले, आणि नट फिरू न देणाऱ्या स्प्लिट पिनच्या जागी एक वाकवलेली तार.

“त्याच्यावर डाय फिरवा, झालं,” मालक म्हणाले. “उद्या मजूर सांगितलेत, गाडी लागणार मला.”

“भाटकार, ते भोक मी दुरुस्त केलं. हे नाही करणार.”

“दोन्ही आटेच ना?”

“ब्रेक एका चाकाचा गेला तर तीन चाकं आहेत, गिअर आहे, हँडब्रेक आहे. हा दांडा सुटला तर स्टिअरिंग तुमच्या हातात राहील आणि चाक जाईल त्याला हव्या त्या बाजूला. तुम्ही घाटात जाता.”

मालक थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी घरी फोन लावला आणि मजुरांना परवा यायला सांगितलं.

मला मामांच्या कामात सर्वांत मोलाची वाटते ती ही रेघ. आटे दुरुस्त करता येणं ही कला आहेच, पण कुठले आटे दुरुस्त करायचे नाहीत हे ठामपणे सांगणं, समोर ओळखीचं गिऱ्हाईक उभं असताना, पैसे सोडून, हे त्याहून अवघड. टाय रॉडचा दांडा निमुळता असतो, तो नकलच्या निमुळत्या भोकात रुतून बसतो आणि नट त्याला रुतलेला ठेवतो. दांड्याचा आटा डायने पुन्हा कापला की धातू कमी होतो, ओढले गेलेले आटे आधीच ताणलेले असतात, आणि तुटायची वेळ आली की आवाज-बिवाज काही होत नाही. त्या तुकड्याची किंमत एका चांगल्या टायरच्या जवळपासही जात नाही. तिथे काटकसर करण्यात अर्थच नाही. तसंच कॅलिपरच्या ब्रेक नळीच्या बोल्टाचं आणि मास्टर सिलिंडरच्या जोडांचं. तिथे आटा तर गेलेला असतोच, शिवाय तेलाचा दाब अडवायचा असतो. ब्लीडरचा, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायच्या स्क्रूचा, आटा मात्र लोकांना उगाच घाबरवतो. गळती तिथे आटा थांबवत नाही, ब्लीडरचं खालचं निमुळतं टोक थांबवतं, म्हणून टोक साफ नसताना गळतंय म्हणून ब्लीडर आवळत सुटलं की चांगला आटा जातो आणि गळती तशीच राहते.

टाय रॉड एंड फोंड्याहून आला. नवा नट आवळला, पिनची खाच भोकासमोर येईना. अशा वेळी नट मागे सोडून खाच जुळवायची सवय पुष्कळांना असते. मामांनी पुढेच आवळून जुळवली, कारण मागे सोडलेला नट दांड्याला रुतलेला ठेवत नाही. पिन नवी, दोन्ही पाय वळवून. टाय रॉड बदलला म्हणजे चाकांची दिशा बदलते, तेव्हा अलाइनमेंट करून घ्यायला सांगितलं.

कॅलिपरचे बोल्ट मामांनी नवेच घेतले, डोक्यावर १०.९ लिहिलेले. पहिला आकडा सांगतो की धातू चौरस मिलिमीटरला १,००० न्यूटनपर्यंत तुटत नाही, दुसरा सांगतो की त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत तो कायमचा लांबत नाही. हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळणाऱ्या बोल्टावर पुष्कळदा काहीच लिहिलेलं नसतं. आटे कोरडे पुसून, पुस्तकात सांगितलेलं लॉकिंग द्रव लावून, टॉर्क पान्याने. इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा असेल आणि आपण गंज नको म्हणून ग्रीस चोपडलं, तर त्याच आकड्यावर बोल्टातली ओढ तिसऱ्या हिश्शाने वाढू शकते. चांगल्या हेतूने लावलेल्या ग्रीसने आटे ओढले गेल्याची कामंही मामांकडे येतात. टॉर्क पाना महाग नाही. ज्या गॅरेजात पुढच्या चाकांचं काम होतं तिथे तो असायलाच हवा, आणि आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाताला त्याची सवय असायला हवी.

मग मामांनी न सांगता उजवं चाक उतरवलं. मालक म्हणाले, तिकडे तर काही आवाज नाही. आटे खरोखरच शाबूत होते, पण एका बोल्टाच्या डोक्यावर आकडा नव्हता आणि तो दुसऱ्यापेक्षा चार मिलिमीटर आखूड होता. आखूड म्हणजे तीन आटे कमी पकडलेले. बिडात निदान दीडपट व्यासाएवढी पकड असावी लागते. तिकडचेही दोन्ही बदलले.

बिल करताना मामांनी पावतीवर रकमेच्या आधी लिहिलं: डावी नकल, वरचं भोक, हेलिकॉइल, १२ गुणिले १.२५. टाय रॉड एंड डावा नवा. कॅलिपर बोल्ट चारही नवे, १०.९. पाचशे किलोमीटर झाले की टॉर्क तपासणे. ही पावती गाडीच्या कागदांबरोबर ठेवा, असं त्यांनी मालकांना सांगितलं, कारण पुढच्या वेळी जो कोणी हा बोल्ट उघडेल त्याला आत गुंडाळी आहे हे बाहेरून कळणार नाही, आणि बोल्टाबरोबर ती थोडी वर आली तर तो घाबरून उपटायला जाईल. मालकांनी पावतीची घडी घालून ती आरसी बुकात ठेवली, आणि विचारलं, कुळागरातली दुसरी गाडी कधी आणू.